टॉवेल ओला झाला की परत कुबट वास: मशीन आणि कपडे दोन्हीचा बंदोबस्त

बेळगावातल्या शहापूरच्या एका वहिनींनी विचारलंय, थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. घरात ७ किलोचं फ्रंट लोड वॉशिंग मशीन, तीन वर्षं झाली, उन्हाळ्यात काही त्रास नाही पण मृग लागला की दार उघडल्या उघडल्या कुबट वास नाकात शिरतो. कपडे वाळल्यावर बरे वाटतात पण अंघोळीनंतर टॉवेल अंगाला लावला, जरा ओला झाला, की परत तोच वास. पावडर वाढवून झाली, सेंटवालं लिक्विड ओतून झालं, डीस्केलिंगची पावडर दोनदा आणून टाकली, आता घरातले म्हणतायत मशीनच काढून टाकूया.

काढू नका वहिनी. मी २२ वर्षं बेळगावात वॉशिंग मशीन दुरुस्तीचंच काम करतोय, आधी दुसऱ्याच्या दुकानात आणि नंतर स्वतःचं, आणि जूनपासून गणपतीपर्यंत मला जे फोन येतात त्यातले निम्मे ह्या वासाचेच असतात. मराठीत "दादा, कपड्याला ओला वास मारतोय", कन्नडमध्ये "वासनी बराकत्तैत्री", दुखणं एकच. मशीन बिघडलेलं नसतंय. ते आतनं घाण झालेलं असतंय आणि ती घाण आपणच रोज थोडी थोडी वाढवत असतो.

आधी वास कशाचा ते समजून घ्या, नाहीतर उगाच पैसे घालवत बसाल. कपड्यातनं अंगाचं तेल, घाम, कातडीचा भुगा, मळ निघतो. त्यात न विरघळलेली पावडर मिसळते. सॉफ्टनर वापरत असाल तर त्याचा मेणचट थर बसतो. हे सगळं पाण्याबरोबर निघून जायला पाहिजे पण थंड पाणी, जास्त साबण आणि ठासून भरलेले कपडे असले की त्यातलं बरंच मागं राहतं आणि ते जिवाणूंचं आणि बुरशीचं खाणं होतं. खाणं आहे, ओल आहे, दार बंद आहे, मग वाढायला अजून काय पाहिजे त्यांना? आपल्याला जो वास येतो तो ह्या जिवाणूंनी तेल आणि घाम खाऊन मागं सोडलेल्या पदार्थांचा. म्हणून पावडर वाढवली की वास वाढतो, कमी होत नाही. सेंटचं लिक्विड म्हणजे तर दोन दिवसांचा पडदा, पडद्याच्या मागं खाणं अजून वाढलेलं.

टॉवेलचं कोडं मला पण बरीच वर्षं सुटत नव्हतं, कडकडीत ऊन दाखवलेला टॉवेल परत का वास मारतो म्हणून. जपानमधल्या संशोधकांनी २०१२ साली ह्यावर काम केलं, धुतलेल्या कपड्यांच्या त्या ओल्या फडक्यासारख्या वासामागं मोराक्सेला नावाच्या जातीचे जिवाणू मुख्य आहेत असं त्यांनी दाखवलं, आणि महत्त्वाचं म्हणजे हे जिवाणू वाळून गेले तरी तग धरतात, उन्हातल्या अतिनील किरणांनाही लवकर दाद देत नाहीत. म्हणजे टॉवेल वाळला की ते नुसते गप्प बसतात, पाणी मिळालं की परत कामाला लागतात. तेव्हा वहिनी, तुमचं काम दोन जागी आहे, मशीनमध्ये आणि टॉवेलमध्ये. एकच साफ केलं तर दुसरं त्याला परत घाण करणार. बहुतेक जण इथंच चुकतात, टब क्लीन करतात आणि त्यात तेच जुने वासाचे टॉवेल टाकतात.

मशीनच्या आत काय असतंय ते एकदा डोळ्यांनी बघितलं की माणूस पावडरचा चमचा आपोआप कमी करतो. गेल्या पावसाळ्यात वडगावातल्या एका घरचं मशीन बेअरिंगसाठी उघडलं. समोरनं दार उघडून बघितलं तर ड्रम आरशासारखा चकचकीत, घरच्या काकू म्हणाल्या मी दर आठवड्याला पुसते की ओ. खरंच पुसत होत्या. मग टब फोडून ड्रम बाहेर काढला आणि पालथा घातला. ड्रमच्या पाठीला तीन हातांचा अॅल्युमिनियमचा सांगाडा असतो, त्याला आम्ही स्पायडर म्हणतो, त्याच्या तिन्ही हातांच्या बेचक्यात राखाडी थर, वरनं बुळबुळीत आणि खाली घट्ट, पातेल्याला दूध लागल्यावर तळाला खरवड बसते अगदी तसा. पुट्टीच्या पट्टीनं खरडला तर चहाचा कप भरला. त्यात केस, दोरे आणि एक शर्टाचं बटण. काकूंनी पदर नाकाला लावला आणि म्हणाल्या, ह्यात मी नातवाची दुपटी धुतली काय? थर काढल्यावर खाली धातूला सुपारी पोखरल्यासारखे खड्डे पडलेले, कारण साबणाचा ओला थर अॅल्युमिनियमवर महिनोन् महिने बसला की धातू खातो. वास हे आधीचं लक्षण, स्पायडर तुटणं ही त्याची शेवटची पायरी, आणि तिथपर्यंत गेलं की खर्च नव्या मशीनच्या जवळ जातो. म्हणून वासाला हलक्यात घेऊ नका एवढंच सांगणं आहे.

आता काम. एक रविवार सकाळ काढा, घाई करू नका.

सुरुवात खालच्या फिल्टरपासनं. मशीनच्या पुढच्या बाजूला खाली, बहुतेक उजव्या कोपऱ्यात, एक झाकण असतं, त्याच्या मागं ड्रेन पंपाचा फिल्टर. तीन वर्षांत एकदाही उघडलेला नसेल, दहातल्या आठ घरांत नसतो. प्लग काढा, नुसतं बटण बंद करून चालत नाही. खाली पसरट ताट किंवा परात सरकवा आणि जुना टॉवेल अंथरा कारण आत पाणी असतंच, मशीन रिकामं झालं असं आपल्याला वाटतं पण पंपाच्या भांड्यात थोडं पाणी कायम उरतं आणि ते पाणी महिनाभर साठलं की गटारासारखा वास मारतं. बाजूला बारीक रबरी नळी असेल तर आधी तिनं पाणी सोडा, मग फिल्टर हळूहळू डावीकडं फिरवा, एकदम काढू नका, नाहीतर सगळं पाणी पायावर. नाणी, केसाच्या पिना, मोजे, एकदा तर मला कुंकवाची डबी सापडली. फिल्टर ब्रशनं घासा, आत बोट घालून पंपाचा पंखा फिरतोय का बघा, परत घट्ट बसवा. हे दर महिन्याला करायचं, पंधरा मिनिटांचं काम आहे.

मग दाराचं रबर. त्याची घडी बोटानं उलटी करून बघा, खालच्या बाजूला पाणी साचतं आणि तिथंच काळे ठिपके पडतात. घडीत तळाशी दोन-तीन बारीक भोकं असतात पाणी जायला, ती केसांनी बुजतात आणि मग पाणी तिथंच राहतं, ती आधी मोकळी करा. साबणाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं आणि जुना टूथब्रश घेऊन पूर्ण गोल घासून काढा. काळे डाग राहिले तर कपड्याच्या क्लोरीनवाल्या ब्लीचचं एक माप आणि पाण्याची दहा मापं असं करून त्यात जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या भिजवा, घडीत अर्धा तास दाबून ठेवा, मग काढून साध्या पाण्यानं दोनदा पुसा. हातात मोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. ह्यानं बुरशी मरते. पण रबरात खोल गेलेला काळा रंग काही वेळा जात नाही, तो नुसता डाग, त्याच्यासाठी रोज ब्लीच चोळू नका, रबर कडक होऊन फाटतं.

पावडरचा खण. ह्याला कोणी हात लावत नाही. मधलं खटकं दाबून तो अख्खा बाहेर ओढा, गरम पाण्यात बुडवून घासा, सॉफ्टनरच्या कप्प्यातली टोपी पण काढा, तिच्या खाली शेंबडासारखा गोळा निघाला नाही तर मला सांगा. आणि खण काढल्यावर त्या पोकळीत मोबाईलचा टॉर्च मारून वर बघा, छताला, पाणी जिथनं पडतं तिथं. बहुतेक घरात तिथं काळी बुरशी लोंबत असते, आणि तुमच्या प्रत्येक धुण्याचं पाणी तिच्यावरनं खाली येतं.

आता टब. रिकामं मशीन, आत एकही कपडा नाही, ड्रममध्ये थेट १०० ते १५० ग्रॅम ऑक्सिजन ब्लीच टाका, म्हणजे सोडियम परकार्बोनेट. डाग काढायची व्हॅनिशसारखी पावडर असते त्यात मुख्य हेच असतंय, नुसतं सुटं परकार्बोनेट ऑनलाईन मिळतं आणि स्वस्त पडतं. टब क्लीनचा प्रोग्राम असेल तर तो, नसेल तर कॉटनचा सगळ्यात लांब आणि सगळ्यात गरम प्रोग्राम, ६० अंशांपेक्षा कमी नाही, ९० असेल तर ९०. हे परकार्बोनेट थंड पाण्यात सुस्त असतं, गरम पाण्यातच ऑक्सिजन सोडतं, म्हणून थंड पाण्यात टाकून "काही फरक पडला नाही" म्हणू नका. मधेच पॉज करून दोन तास भिजत ठेवलं तर अजून चांगलं. संपल्यावर परत एकदा नुसतं पाणी, त्यात काही टाकायचं नाही, आणि ह्या दुसऱ्या खेपेला स्टूल घेऊन काचेसमोर बसा. पावडर टाकलेली नसताना काचेवर फेस दिसला तर तो मागच्या महिन्यांचा साचलेला साबण आहे. मी प्रत्येक घरात हे गिऱ्हाइकाला दाखवतो, सांगून पटत नाही ते बघून पटतं. फेस यायचा थांबेपर्यंत रिकामी खेप करा, एक-दोन लागतील.

डीस्केलिंगच्या पावडरबद्दल स्पष्ट बोलतो. ती आम्लाची असते, ती पाण्यातला क्षार विरघळवते. तुमच्या वासाचा थर तेलाचा आणि साबणाचा आहे, त्याला आम्ल चालत नाही, त्याला सोडा आणि गरम पाणी चालतं. तुमच्याकडं राकसकोप धरणाचं नळाचं पाणी येतं म्हणालात, त्या पाण्यावर चालणाऱ्या मशीनमध्ये हीटरवर मला फारसा क्षार सापडत नाही, मग दोन पाकिटं कशाला घालवली? बोअरच्या पाण्यावर मशीन चालवणाऱ्यांचं वेगळं, त्यांच्या हीटरवर चुन्याचा पांढरा पापुद्रा बसतो आणि त्या खडबडीत पापुद्र्याला मळ चिकटतो, त्यांनी दोन-तीन महिन्यांतनं एकदा लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक अॅसिड, १०० ग्रॅम टाकून रिकामी गरम खेप करावी. ती वेगळ्या दिवशी. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र टाकायचे व्हिडिओ फिरतात, त्यात बुडबुडे येतात म्हणून लोकांना वाटतं काहीतरी जबरदस्त चाललंय, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि मागं जवळजवळ मिठाचं पाणी उरतं.

आणि हे मात्र नीट वाचा. क्लोरीनवाल्या ब्लीचबरोबर लिंबूफूल, व्हिनेगर, संडास साफ करायचं अॅसिड ह्यातलं काहीही कधीच मिसळायचं नाही, एकाच्या मागोमाग दुसरं पण नाही. क्लोरीन वायू सुटतो. अनगोळमध्ये एका घरी मी पोहोचायच्या आधी ताईंनी बाथरूमचं दार लावून ड्रममध्ये ब्लीच ओतलं होतं आणि वास गेला नाही म्हणून वरनं संडासचं अॅसिड. मी जिन्यात असतानाच खोकला ऐकू आला. त्यांना बाहेर गॅलरीत बसवलं, दारं-खिडक्या उघडल्या, डॉक्टरकडं पाठवलं, दोन दिवस घसा बसलेला होता पण वाचल्या. छोटं बाथरूम आणि बंद दार, अजून पाच मिनिटं आत राहिल्या असत्या तर काय झालं असतं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

टॉप लोडवाल्यांचं थोडं वेगळं. स्टीलचा आतला टब आणि प्लॅस्टिकचा बाहेरचा टब ह्यांच्या मधे बोटभर फट असते, सगळी घाण तिथं. बहुतेक टॉप लोडला हीटर नसतो म्हणून गरम पाणी आपणच ओतायचं, गीझरचं किंवा बंबाचं, हाताला सोसणार नाही इतकं गरम पण उकळतं नाही, उकळत्या पाण्यानं प्लॅस्टिक आणि सील खराब होतात. पाण्याची पातळी सगळ्यात वर, परकार्बोनेट पाव किलोच्या आत-बाहेर, दहा मिनिटं फिरवा, दोन-तीन तास तसंच ठेवा. झाकण उघडून बघाल तर पाण्यावर काळे-तपकिरी तुकडे तरंगतायत, ओल्या कागदाच्या चिंध्यांसारखे. ते चहाच्या गाळणीनं काढा, लगेच पाणी सोडलं तर तेच तुकडे परत भोकात बसतात. परत फिरवा, परत गाळा, तुकडे यायचे थांबले की पाणी सोडून दोन वेळा साधं पाणी. तळाला जो फिरणारा पंखा असतो, पल्सेटर, त्याच्या मधोमध स्क्रू असतो, मशीन जुनं असेल तर वर्षातनं एकदा तो काढून खालनं धुवा, पंखा घट्ट बसला असेल तर हिसका मारू नका, आमच्यातल्या कोणाला तरी बोलवा. जाळीची पिशवी प्रत्येक धुण्यानंतर उलटी करून धुवायची, आणि फाटली असेल तर बदलायची.

सेमी ऑटोमॅटिक खेड्यात अजून भरपूर आहेत, खानापूर, जांबोटीकडं तर बहुतेक तेच, आणि खरं सांगू, त्यांना वास कमी येतो, कारण पाणी भरपूर असतं आणि झाकण उघडंच राहतं. आलाच तर पाणी सोडायचा पाईप बघा, तो मधे वाकून त्याच्या पोटात पाणी साठतं. पाईप काढून नळाखाली धरला की शेवाळाचा चोथा निघतो.

सगळं करूनही वास गेला नाही तर वास मशीनचा नसेल. टिळकवाडीत एका नवीन फ्लॅटमध्ये तीन वेळा टब क्लीन झालं होतं, वास सडक्या अंड्यासारखा. अंड्याचा वास आला की मी मशीन सोडून आधी गटार बघतो. मशीनचा पाईप सरळ ड्रेनेजच्या पाईपात खोल खुपसलेला आणि शेजारचा नहाणी ट्रॅप कोरडा. नहाणी ट्रॅपमध्ये पाणी असतं म्हणूनच गटाराची हवा वर येत नाही, ते बाथरूम वापरातच नव्हतं, पाणी उडून गेलेलं. दोन तांबे पाणी ओतलं, पाईप बाहेर काढून जमिनीपासनं दोन-अडीच फूट उंच आकड्यात अडकवला आणि त्याच्याभोवती हवा खेळेल अशी फट ठेवली. एवढंच. फ्रंट लोडचा पाईप खाली जमिनीवर टाकून ठेवला तर पाणी आपोआप ओढलं जाऊन निघून जातं, मग कपडे नीट खळबळत पण नाहीत.

हिंडलग्याला एका बैठ्या घरात वास दिवसेंदिवस वाढतच चाललेला, मागचं पत्र्याचं झाकण काढलं तर मोटरीशेजारी मेलेली चिचुंद्री. परड्याला लागून न्हाणी असलेल्या घरात हे होतंच, पावसाळ्यात त्यांना कोरडी उबदार जागा पाहिजे असते. खालची बाजू उघडी असेल तर बारीक जाळी मारून घ्या, वायरी पण वाचतात. आणि वास जळक्या रबराचा किंवा वायरीचा असेल तर काही धुत बसू नका, प्लग काढा आणि मेकॅनिकला बोलवा.

आता कपडे. मशीन साफ झालं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वास मारणारे सगळे टॉवेल, बनियन, उशीचे अभ्रे काढा. बादलीत गरम पाणी, साधारण ६०, म्हणजे गीझर फुल असतो तेवढं, दहा लिटरला दोन-तीन मोठे चमचे परकार्बोनेट आणि थोडी धुण्याची पावडर, चांगलं ढवळून कपडे बुडवा आणि चार-पाच तास ठेवा. मग मशीनमध्ये ६० वर कॉटन, सॉफ्टनर नाही. लोकरी, रेशमी, जरीच्या कापडाला हे करायचं नाही, शहापुरी इरकलला तर अजिबातच नाही. रंग जाणाऱ्या कपड्याचा कोपरा आधी भिजवून बघा. आपल्या आज्या हेच करत होत्या, सोडा घालून मोठ्या पातेल्यात धोतरं, चादरी उकळायच्या, परीट भट्टी लावायचे. गरम पाणी आणि सोडा. आपण मशीन आणलं, ३० वर किंवा थंडवर लावलं, आणि ते उकळणं घरातनं गेलं. रोजचे कपडे थंडवर धुवा, काही हरकत नाही, पण आठवड्यातनं एक खेप ६० ची पाहिजे, टॉवेल-चादरींची. त्यात मशीनचं पण आतनं धुणं होतं.

टॉवेलला सॉफ्टनर घालूच नका. तो धाग्यावर पातळ थर देतो, हाताला मऊ लागतं पण पाणी कमी शोषतो आणि आतला मळ धुतला जात नाही. पोरांचे खेळायचे पॉलिस्टरचे टीशर्ट पण तसेच, पॉलिस्टर घामातलं तेल धरून ठेवतो, ते उलटे करून धुवा आणि घामेजलेले तसेच बास्केटच्या तळाला कोंबू नका, आधी दोरीवर टाका.

पावडर किती, तर पाकिटावर दिलंय त्याच्यापेक्षा एक कण जास्त नाही. नळाच्या मऊ पाण्याला, ७ किलोच्या फ्रंट लोडला, रोजच्या मळाला मी सपाट दोन मोठे चमचे सांगतो, शेताचा चिखल असेल तर तीन. मॅटिक लिहिलेलीच पावडर घ्या, फ्रंटला फ्रंटची. बादलीत हातानं धुवायच्या पावडरला फेस फार येतो, फ्रंट लोडमध्ये पाणी कमी असल्यामुळं तो फेस निघत नाही आणि आत चिकटून बसतो. लिक्विड वाईट नाही, पण बहुतेक लिक्विडमध्ये ऑक्सिजन ब्लीच नसतं, पांढऱ्यासाठीच्या चांगल्या पावडरमध्ये बऱ्याचदा असतं, म्हणून निदान टॉवेल-चादरीला पावडर वापरा. आणि ड्रम गच्च भरू नका, कपड्यांच्या वर हाताचा पंजा उभा मावला पाहिजे. गणपतीच्या आधी सगळी अंथरुणं-पांघरुणं एकदम कोंबतात, मग ती धुतली जात नाहीत, नुसती ओली होतात.

उद्यमबागेतल्या फौंड्री आणि मशीनशॉपमधले कपडे, निपाणीकडच्या तंबाखूच्या वखारीतले कपडे, गोठ्यातले कपडे, हे घरच्या कपड्यांबरोबर टाकू नका. आधी अंगणात झटका, तंबाखूची भुकटी जाळीत आणि पंपात बसते. तेलाचे, कूलंटचे कपडे गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून बादलीत आधी एकदा काढा. रॉकेल, पेट्रोल, डिझेल सांडलेला कपडा मशीनमध्ये कधीच नाही, वाफ आत साठून पेट घ्यायची भीती असते. तो बाहेर उघड्यावर वाळवून वास पूर्ण गेल्यावर हातानं धुवा.

पावसाळ्याचं सगळ्यात मोठं कारण मात्र हे नाही. रात्री दहाला मशीन लावायचं आणि झोपायचं, सकाळी सातला कपडे काढायचे. तीन तास मशीन चाललं असं धरलं तरी सहा तास ओले कपडे बंद ड्रममध्ये. त्यातच पावसात लाईट जाते, दार लॉक होतं, कपडे पाण्यातच. सकाळी लावा किंवा टायमर असेल तर असा लावा की उठायच्या वेळेला संपेल. लाईट गेलीच तर फिल्टरच्या नळीनं पाणी सोडून द्या, काही वेळात लॉक निघतं. कपडे बाहेर काढायला उशीर झालाच आणि वास आला तर ते तसेच वाळवू नका, परत धुवा, वाळल्यावर तो वास पक्का होतो.

वाळवायचं तर वेळ महत्त्वाची. कपडा पाच-सहा तासांत वाळला तर वास धरत नाही, दीड दिवस ओला राहिला की धरतोच, मग कितीही चांगला धुतलेला असो. तरणा आणि म्हातारा पाऊस लागला, झड आठ-आठ दिवस हटत नाही, तेव्हा ऊन कुठनं आणणार? स्पिन जास्त ठेवा, सुती कपड्यांना १००० किंवा १२००, आणि प्रोग्राम संपल्यावर नुसतं स्पिन अजून एकदा. कपडे स्वयंपाकघरात किंवा बंद खोलीत दाटीवाटीनं टाकू नका, दोन कपड्यांत चार बोटं अंतर, वर पंखा, आणि एक खिडकी किलकिली, नाहीतर पाणी कपड्यातनं निघून भिंतीला लागतं. जीन्स उलटी करून कमरेनं टांगा. कनकुंबीकडं मी एका घरी बघितलं, शेगडीत निखारे, वर उपडी दुरडी आणि दुरडीवर बाळाची दुपटी. धूर नसलेले निखारे आणि जवळ बसलेली आजी. कोरडी उब आणि खेळती हवा, ह्यापेक्षा ड्रायर वेगळं काही करत नाही. अर्धवट ओला कपडा इस्त्री करून कपाटात ठेवला की तो शेजारच्या दहा कपड्यांना वास लावतो, आणि वर डांबराच्या गोळ्या टाकल्या की दोन वास होतात.

धुणं झाल्यावर मशीनचं दार आणि पावडरचा खण दोन्ही उघडे ठेवायचे, रबर कोरड्या फडक्यानं पुसायचं. घरात लहान पोरं असतील तर बाथरूमचं दार बाहेरनं लावा, पोरं ड्रममध्ये शिरतात, तिथं गंमत नको.

वहिनी, हे सगळं केल्यावर पंधरा दिवसांनी एक करून बघा. कपाटातला कोरडा टॉवेल घ्या, त्याचा एक कोपरा कोमट पाण्यात बुडवून पिळा, घडी करून दहा मिनिटं ठेवा आणि मग हुंगा. वास आला तर टॉवेल परत एकदा भिजवा. टॉवेल बरा आणि मशीनलाच वास असेल, सोबत ड्रम फिरताना घरघर येत असेल किंवा हातानं वर-खाली हलवल्यावर ड्रम खिळखिळा लागत असेल, तर मग टब उघडायलाच पाहिजे, आणि जो माणूस टब उघडायचं सोडून आधी पावडरचं पाकीट पुढं करेल त्याला चहा देऊन परत पाठवा.